घाटघरचा उदंचन प्रकल्प: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण ज्याच्या घरी शेती आहे, विहिरीवर मोटर आहे आणि रात्री बारा वाजता थ्री फेज आली म्हणून जो उठून शेतात गेलाय, त्यानं एकदा तरी हे बघून यावं असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे. आपल्याकडचे लोक भंडारदऱ्याला जातात, काजवे बघतात, कळसूबाई चढतात, रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बघतात, फोटो काढतात नि गाडी वळवतात, आणि तिथून पुढे वीस-बावीस किलोमीटरवर डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचं वीजघर बसलंय हे निम्म्या लोकांना माहितीच नसतं.

मी अमळनेरला मोटर रिवायंडिंगचं काम करतो त्यामुळे मला ह्या गोष्टीची ओढ जरा जास्त आहे हे मान्य, पण सोबत रावेरकडचे साडू होते (केळीवाले), डिप्लोमा करणारा भाचा होता आणि आमचे मोठे मामा होते, चौघांनाही ते वेगवेगळ्या कारणानं आवडलं म्हणून हा रिव्ह्यू सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी प्रकल्प काय आहे ते. नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात घाटघर गाव आहे, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. वर एक धरण, प्रवरेच्या उगमाकडच्या भागात, फार उंच नाही, पंधरा मीटरच्या आसपास. आणि कडा उतरून खाली कोकणात, शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरं धरण, ते मात्र ८६ मीटर उंच. दोन्ही पाण्यांच्या मधे साधारण चारशे मीटरची सरळ उतरण. वरून पाणी बोगद्यातून खाली सोडलं की १२५ मेगावॅटची दोन मशीनं फिरतात नि वीज तयार होते, आणि ग्रीडवर (म्हणजे सगळीकडच्या तारांच्या जाळ्यात) वीज जास्त असली की तीच मशीनं उलटी फिरवून खालचं पाणी परत वर चढवतात. ह्याला सरकारी भाषेत उदंचन म्हणतात, बाकी सगळे पंप स्टोरेजच म्हणतात. जपानच्या कर्जातून झालेला प्रकल्प, जलसंपदा विभागानं बांधला, महानिर्मिती चालवते, २००८ साली सुरू झाला.

आता हे सगळं मी कड्यावर उभा राहून मामांना समजावत होतो तर मामा म्हणाले, "पानी खाले गये, ते परत वर कसाले चढावतस भो? त्याले लाइट लागस नही का?"

ह्यापेक्षा चांगला प्रश्न नाही. लागते ना, मिळते त्यापेक्षा जास्त लागते. शंभर युनिट वापरून पाणी वर चढवलं तर ते खाली सोडताना पंच्याहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात, बाकीची पाण्याच्या घर्षणात, मशीनच्या उष्णतेत, ट्रान्सफॉर्मरमधे जातात. म्हणजे हा प्रकल्प वीज बनवणारा नाहीच, वीज साठवणारा आहे. आणि इथेच माझी तक्रार. आम्ही तिथे फिरवायला एक लोकल गाईड घेतला होता, नाव घेत नाही, पोरगा कष्टाळू होता, रस्ते त्याला तोंडपाठ, पण त्यानं सगळ्यांना सांगितलं की इथे तेच पाणी फिरवून फिरवून फुकट वीज काढतात, कोळसा लागत नाही काही लागत नाही. सोबतच्या दुसऱ्या गाडीतले लोक माना डोलावत होते. अहो असं फुकट काही नसतं, तसं असतं तर मी माझ्याच दुकानात एक टाकी वर नि एक खाली बसवली असती. चुकीची माहिती घेऊन माणूस घरी गेला की तो पुढच्या दहा जणांना तेच सांगतो, त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून अर्ध्यातला पाव तिथे कापला.

मग साडूंनीच मामांना समजेल असं सांगितलं. त्यांचं शेततळं आहे, दिवसा लाईट असली की विहिरीचं पाणी त्यात टाकून ठेवतात आणि पाहिजे तेव्हा उतारानं ठिबकला सोडतात, लाईट नसली तरी केळीला पाणी सुरूच. ते चढवताना खर्च होतोच की, पण पाणी आपल्या वेळेला हाताशी असतं, पैसे त्या वेळेचे. मामांना लगेच पटलं. घाटघर तेच आहे, फक्त इथे उतारानं सोडलेल्या पाण्यातून परत लाईट काढतात.

हिशोब आवडणाऱ्यांसाठी एक आकडा देतो जो मी नि भाच्यानं तिथेच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढला. हजार लिटर पाणी चारशे मीटरवरून खाली आणलं तर मशीनची घट धरून साधारण एक युनिट वीज मिळते. एक युनिट! छतावरची एक मोठी काळी टाकी भरून पाणी, आणि तेही चारशे मीटरचा कडा उतरून, तेव्हा कुठे एक युनिट. आपली पाच एचपीची मोटर, तिची स्वतःची घट सोडली तरी, तासाला पावणेचार युनिट खाते म्हणजे ती एक तास चालवायला जवळजवळ चार टाक्या पाणी कड्यावरून खाली यायला पाहिजे. आणि घाटघरची दोन्ही मशीनं फुल लोडवर असली तर तासाला अडीच लाख युनिट, म्हणजे अडीच लाख घनमीटर पाणी एका तासात डोंगरातून खाली. हा हिशोब केल्यापासून मी घरी पंखा चालू ठेवून बाहेर पडत नाही, खरं सांगतो.

कोकणकड्यावर जाऊन उभं राहा, तिथून खालचा तलाव दिसतो. अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी ठिकाण हेच. (हा घाटघरचा कोकणकडा बरं, हरिश्चंद्रगडाचा नाही, ते दोन्ही लोक नेहमी एक करतात.) पायाखाली सरळ तुटलेला कडा आणि खाली कोकणातल्या हिरव्यात निळंशार पाणी, आणि तुमच्या मागे वरच्या धरणाचं पाणी. दोन्ही पाण्यांना जोडणारं काहीच दिसत नाही, पाईप नाही, धबधबा नाही, कारण सगळं खडकाच्या आत आहे. भाच्यानं विचारलं की बोगदा कुठंय, तर त्याच्या पायाखालच्याच डोंगरात आहे कुठेतरी. हे समजून तिथे उभं राहिलं तर नुसता व्ह्यू पॉइंट राहत नाही तो.

आणि वरच्या तलावाच्या काठाचे दगड नीट बघा. संध्याकाळी आम्ही तिथे होतो तेव्हा पाण्याच्या रेषेच्या वर दगडांवर एक काळपट ओला पट्टा होता, वरून सुकत आलेला, पाण्यापाशी अजून चकचकीत, आणि त्यात चिखलाच्या बारीक रेषा एकाखाली एक, पाणी थांबत थांबत उतरलं की पडतात तशा. पाऊस नव्हता, वारा नव्हता, आणि तलाव उतरत होता. लांबून बघितलं तरी कळतं. मामा तर तिथून हलायलाच तयार नव्हते, म्हणाले ही लाइट आत्ता कोणाच्या तरी घरात चाललीये. एक मात्र कळकळीनं सांगतो, पोरांना घेऊन पाण्यात उतरू नका, आंघोळीचे व्हिडिओ काढू नका. हा साधा तलाव नाही, ह्याचं पाणी कधी चढेल कधी उतरेल ते ग्रीडवर अवलंबून आहे, आणि चिखलाचा काठ पाय धरून ठेवतो.

वीजघराच्या आत मात्र आपल्याला असंच जाता येत नाही, आधी रीतसर परवानगी लागते. सुरक्षेचा मामला आहे त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण सामान्य माणसाला आत काय चालतं ते समजायला काहीतरी सोय पाहिजे असं फार वाटलं. स्कॉटलंडमधे क्रूआखन म्हणून असंच डोंगरातलं वीजघर आहे, १९६५ सालचं, तिथे लोकांसाठी व्हिजिटर सेंटर बांधलंय आणि बसमधे बसवून बोगद्यातून आत नेऊन दाखवायची पद्धत आहे. आपल्याकडच्या सगळ्याच मोठ्या प्रकल्पांवर निदान एक चालतं मॉडेल आणि साध्या मराठीतला एक फलक पाहिजे, शाळेच्या सहली किती येतील. उरलेला पाव मार्क त्यासाठी कापला.

आत काय असतं ते आता माझ्या धंद्याच्या बाजूनं सांगतो, कारण हे कुठे साध्या भाषेत वाचायला मिळत नाही.

पहिली गोष्ट, वीजघर जमिनीखाली का? लोकांना वाटतं जागा नव्हती म्हणून. ते नाही. अशी उलटसुलट चालणारी मशीनं पंप म्हणून चालवायची तर त्यांना पाणी वरून दाबानं मिळालं पाहिजे, म्हणून ती खालच्या तलावाच्या पातळीच्याही बऱ्याच खाली बसवतात. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायची गरजच नाही, काठावरचा मोनोब्लॉक पंप पंचवीस फुटांच्या वर पाणी ओढत नाही, म्हणून तर पाणी खाली गेलं की मोटर विहिरीत उतरवून बसवतात. सक्शन तुटलं की पंपात पाण्याचे बुडबुडे होतात आणि ते फुटून फुटून इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या चाकाला) खड्डे पाडतात, आपल्याकडे रिपेअरला येतात असे इम्पेलर, चाळणी झालेले. १२५ मेगावॅटच्या रनरला, म्हणजे तिथल्या फिरत्या चाकाला, तसं झालं तर काय होईल विचार करा.

दुसरी गोष्ट, उलटं फिरवणं. थ्री फेजच्या मोटरच्या दोन फेज अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते हे कुठल्याही वायरमनला माहिती असतं. पंप स्टोरेजमधेही तत्त्व तेच, त्यासाठी फेज बदलणारे वेगळे मोठे स्विच असतात. पण सुरू करणं सोपं नाही. एवढी मोटर पाण्यानं भरलेली असताना ग्रीडवर थेट टाकली तर ग्रीडच बसेल. म्हणून अशा वीजघरांत आधी रनरच्या भोवतीचं पाणी कॉम्प्रेस्ड हवेनं खाली दाबून काढतात, रनर हवेत मोकळा होतो, मग फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरनं त्याला हळूहळू स्पीडला आणतात, ग्रीडशी सिंक्रोनाइज करतात म्हणजे ग्रीडच्या तालात आणतात, आणि मग हवा सोडून पाणी आत घेतात आणि पंपिंग चालू. मी स्टार-डेल्टा स्टार्टर नि सॉफ्ट स्टार्टर जोडण्यात इतकी वर्षं घातली, पण हे वाचलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला. ज्यानं हे पहिल्यांदा डोक्यातून काढलं त्याला माझा नमस्कार.

तिसरी गोष्ट धरणांची. ही दोन्ही धरणं रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची आहेत, भारतात हे तंत्र पहिल्यांदा इथे वापरलं. ह्यालाही आरसीसीच म्हणतात, पण बिल्डिंगचं आरसीसी वेगळं, त्यात सळई असते. इथे कोरडसर काँक्रीट थरावर थर पसरून रस्त्यासारखा रोलर फिरवून दाबतात, आणि सिमेंटच्या जागी फ्लाय अ‍ॅश (औष्णिक केंद्रातल्या कोळशाची राख) भरपूर वापरली. भुसावळकरांना दीपनगरची राख सांगायला नको, ती किती त्रास देते ते त्यांनाच माहिती, पण त्याच जातीच्या राखेतून इथे ८६ मीटरचं धरण उभं आहे हे कळलं की राखेकडे बघायची नजर बदलते.

आता हे खान्देशवाल्यांनी का बघायचं, तर ह्यासाठी. आपल्याकडे वीज बनते भरपूर. भुसावळला दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या, आणि तिथेच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून आहे. आता तर गावोगाव सोलरचे फिडर होतायत, शेतीला दिवसा लाईट मिळायला लागलीये, त्याचा आनंद ज्यानं रात्री साप-विंचवात पाणी भरलंय त्यालाच कळेल. पण सूर्य मावळला की सोलर शून्य, आणि नेमकं तेव्हाच घराघरात दिवे, पंखे, टीव्ही, गिरण्या, दुकानं सगळं एकदम सुरू. कोळशाचं युनिट असं खाली-वर पटकन करता येत नाही, मोठं युनिट फार तर ५५ टक्क्यांच्या आसपास खाली आणतात, त्याच्याखाली चालवणं अवघड, आणि बंद करून परत चालू करायला तासन्‌तास. पंप स्टोरेज मात्र काही मिनिटांत उभं राहतं. पूर्वी रात्रीची जास्तीची वीज घेऊन पाणी चढवायचे नि संध्याकाळी सोडायचे असा हिशोब होता, आता सोलर वाढल्यावर दुपारची वीज घेऊन चढवणं जास्त परवडणारं झालंय. म्हणजे साक्रीच्या दुपारच्या उन्हाला रात्री आठ वाजता अमळनेरच्या घरात आणायचं असेल तर असं काहीतरी लागणारच आहे.

भाचा लगेच मला म्हणाला मग पवनचक्कीची पण वीज ठेवू, मामा. ठेवता येते, पण काही तासांपुरती. ब्राह्मणवेलला वारा मुख्यतः पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात जोरात असतो, तो वारा घाटघरसारख्या तलावात साठवून थंडीत गव्हाला वापरू असं होणार नाही, वरचा तलाव पाच-सहा तासांत रिकामा होतो. हे लोकांना नीट सांगितलं पाहिजे नाहीतर उगाच आशा वाढतात.

महाराष्ट्रात हे नवीन पण नाही. पैठणला जायकवाडीवर १२ मेगावॅटचं उलटसुलट चालणारं युनिट १९८० च्या दशकातलं आहे, उजनीला तसंच, भिऱ्याला टाटांचं १५० मेगावॅटचं आहे, आणि आता भिवपुरीला १००० मेगावॅटचं येतंय. राज्यानं २०२३ मधे पंप स्टोरेजसाठी वेगळं धोरण पण काढलं. चीनमधे फंगनिंगला ३६०० मेगावॅट एका जागी आहे, त्यापुढे आपलं घाटघर छोटंच, पण समजून घ्यायला छोटंच बरं पडतं, एका नजरेत वरचं पाणी नि खालचं पाणी दोन्ही दिसतात.

नंदुरबारवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. सरदार सरोवराच्या पायथ्याच्या वीजघरात २०० मेगावॅटची सहा मशीनं आहेत आणि ती सुद्धा उलट फिरू शकणारीच बसवलीयत, खालचं पाणी अडवून धरायला पुढे गरुडेश्वरचा बंधारा आहे. त्या धरणाच्या पाण्याखाली अक्कलकुवा नि अक्राणीची ३३ गावं आली, आणि महाराष्ट्राला तिथल्या विजेतला २७ टक्के वाटा ठरलाय. सातपुड्यात आता कोणी उंचावरच्या तलावाचा नि बोगद्याचा नकाशा घेऊन येईल तेव्हा मी एक मोटरवाला म्हणून खूष होईन, पण त्या पाड्यावरच्या माणसाला आधी विचारलंय का, त्याची जमीन नि जंगल किती जातंय, आणि त्याच्या पाड्यावर लाईट पोचलीये का, हे आधी बघितलं पाहिजे. वीज साठवायची सोय सगळ्यांची होते आणि जमीन मात्र थोड्यांचीच जाते, हे एकदा झालंय, परत तसंच होऊ नये.

बाकी ट्रिपचं. धुळ्याहून मालेगाव, नाशिक, घोटी करून जायचं, मुंबई-आग्रा हायवे आहे तोवर रस्ता एकदम मक्खन, घोटीला वळल्यावर बारी गावावरून शेंडी, तिथून पुढे तलावाच्या कडेनं घाटघर. शेंडीच्या पुढे वळणं आहेत, रात्रीची गाडी चालवू नका. चाळीसगाव-जळगावकर रेल्वेनं इगतपुरीला उतरून पुढे गाडी करू शकतात. वाटेत भंडारदऱ्याचं विल्सन धरण बघाच, १९२६ सालचं दगडी बांधकाम, एका दिवसात जुनं नि नवं दोन्ही बघून होतं.

भर पावसाळ्यात घाटघरला जायचं तर जा पण दिसणार काही नाही, नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात त्याला, धुकं असलं की हातभर लांबचं दिसत नाही, कोकणकड्यावर उभं राहून पांढरं फडकं बघितल्यासारखं होतं. दसरा ते डिसेंबर सगळ्यात चांगलं, हवा स्वच्छ नि खालचा तलाव स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात आपल्या बेचाळीस-चव्वेचाळीसातून तिथे गेलं की जीव शांत होतो पण हवेत धुरकटपणा असतो.

राहायचं म्हणाल तर आम्ही ज्या होमस्टेला उतरलो तिथे फोनवर गरम पाणी, बॅकअप सगळं सांगितलं होतं, प्रत्यक्षात दोन्ही नव्हतं, रात्री लाईट गेली ती सकाळपर्यंत गेलेलीच. त्यामुळे ॲडव्हान्स देण्याआधी इन्व्हर्टर आहे का हे स्पष्ट विचारा आणि जमलं तर फोटो मागवा. जेवण मात्र एका मावशींच्या घरी झालं, चुलीवरचं पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, आणि त्यांच्या शेतातल्या तांदळाचा मऊ वाफाळता भात, एक नंबर. मामांनी घरून कळण्याची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी आणली होती ती मावशींना दिली, त्यांनी कळणा पहिल्यांदाच खाल्ला, आवडला त्यांना, पीठ कसं दळायचं ते विचारून घेतलं.

मोबाईलला रेंज शेंडीच्या पुढे भरवशाची नाही, नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा, आणि डिझेल-पेट्रोल घोटीलाच भरून घ्या. डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मास्तर लोकांनी मात्र परीक्षेच्या आधी घाई करू नये, कॉलेजच्या लेटरहेडवर परवानगीचा अर्ज आधी पाठवा, उत्तर हातात आल्यावरच गाडी ठरवा, नाहीतर पोरं कड्यावरूनच परत येतील.